आरोग्य-संशोधनात रुग्णांना भागीदार करून घ्यायचं तर

एखाद्या आजारावर अभ्यास सुरू झाला की रुग्ण त्यात येतो तो बहुतेक वेळा रक्त द्यायला, प्रश्नावली भरायला किंवा नवं औषध घ्यायला. तो सहभागी. त्याच्याशिवाय अभ्यास होणारच नाही. या लेखात मात्र दुसऱ्या भूमिकेचा विचार आहे. ज्याला तो आजार आहे, किंवा जो घरी अशा माणसाचं सगळं बघतो, तो संशोधकांसोबत बसून ठरवतो: प्रश्न कोणता घ्यायचा, काय मोजायचं, लोकांना काय आणि कसं सांगायचं. तो भागीदार. एकाच अभ्यासात एकाच माणसाला दोन्ही भूमिका देऊ नयेत. आतली चर्चा ऐकलेला माणूस स्वतः सहभागी झाला, तर त्याची उत्तरं त्या माहितीने बदलू शकतात.

वरिष्ठांना हे सगळं जास्तीचं काम वाटत असेल, तर त्यांना माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याची २०२४ची आवृत्ती दाखवा. सहभागी होऊ शकणाऱ्या आणि झालेल्या लोकांशी, त्यांच्या समाजाशी अभ्यासाच्या आधी, अभ्यास चालू असताना आणि नंतरही अर्थपूर्ण संवाद हवा, असं तिच्यात आलं आहे.

कधी बोलवायचं

या कामात सगळ्यात जास्त नुकसान उशिराने होतं. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, पक्का झाला, अनुदान मंजूर झालं, मग दोन रुग्णांना बोलावून माहितीपत्रक वाचायला दिलं, तर त्यांच्या हातात शुद्धलेखन तपासण्यापलीकडे काही उरत नाही. त्यांनाही ते लगेच कळतं, आणि पुढच्या बैठकीला ती माणसं येत नाहीत.

लवकर बोलावलं तर प्रश्नच बदलू शकतो. गुडघ्याच्या संधिवातावर काय काय संशोधन होतं आणि रुग्णांना त्यातलं काय हवं असतं, याची तुलना २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली होती. संशोधनाचा भर औषधांवर होता. रुग्णांना मात्र सांधेरोपणाबद्दल आणि आजाराशी जुळवून घ्यायला उपयोगी पडेल अशा माहिती-सल्ल्याबद्दल अधिक जाणून घ्यायचं होतं. दुसरं उदाहरण आमवाताचं. सांध्यांच्या आजारांत काय मोजावं हे ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या २००२ च्या परिषदेत रुग्ण भागीदार म्हणून बसले. थकवा हा त्यांना छळणारा मोठा त्रास आहे, आणि अभ्यासांत तो मोजलाच जात नाही, हे त्यांनी पुढे आणलं. २००६ च्या परिषदेत आमवाताच्या उपचारांच्या चाचण्यांमध्ये (क्लिनिकल ट्रायल) थकवाही मोजावा असं ठरलं. वेदना, सूज, रक्तातले आकडे बघणाऱ्यांना तो दिसला नव्हता, कारण त्यांना तो होत नव्हता.

म्हणून अनुदानाचा अर्ज द्यायच्या किमान तीन-चार महिने आधी पहिली बैठक घ्या. त्यासाठी एक पानाचं टिपण पुरतं: आजार कोणता, आज काय माहीत आहे, काय शोधायचा विचार आहे. त्याच पानावर दोन रकाने करा. एकात ज्या गोष्टी ठरलेल्या आहेत त्या, कारणासकट: अनुदानाची मर्यादा, कायदा, सुरक्षिततेच्या तपासण्या. दुसऱ्यात ज्या अजून मोकळ्या आहेत त्या. हा दुसरा रकाना रिकामा निघाला, तर बैठक घेऊ नका. जिथे काही बदलू शकत नाही तिथे लोकांचं मत मागणं हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे.

हातात विषय आहे पण नेमका प्रश्न ठरलेला नाही, अशा वेळी ‘जेम्स लिंड अलायन्स’ या ब्रिटिश उपक्रमाची पद्धत बघण्यासारखी आहे. २००४ पासून तिथे रुग्ण, देखभाल करणारे आणि उपचार करणारे एकत्र बसतात. आधी अनुत्तरित प्रश्न गोळा होतात, त्यांतले ज्यांची उत्तरं आधीच सापडली आहेत ते गाळले जातात आणि शेवटच्या कार्यशाळेत सगळे मिळून पहिले दहा प्रश्न निवडतात. ही लांबलचक प्रक्रिया आहे. छोट्या अभ्यासासाठी ती जशीच्या तशी उचलायची गरज नाही. पण तिघांनी बरोबरीने बसून क्रम लावणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

कुणाला आणि किती जणांना

कुठल्याही समितीत एकटा रुग्ण नको. डझनभर तज्ज्ञांत एकटा माणूस वेगळं बोलायला कचरतो, आणि तो आजारी पडला की खुर्ची रिकामी. समितीत किमान दोघं, आणि त्यांच्या पाठीशी सहा ते आठ जणांचा सल्लागार गट असा मेळ चांगला चालतो.

“दोन माणसं सगळ्या रुग्णांचं प्रतिनिधित्व कशी करणार?” हा आक्षेप हमखास येतो. करणार नाहीतच, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला आपण सगळ्या हृदयरोगतज्ज्ञांचा प्रतिनिधी मानत नाही. त्याला जे माहीत आहे त्यासाठी बोलावतो. इथेही तसंच. मात्र अनुभव वेगवेगळे हवेत: नुकतंच निदान झालेला, अनेक वर्षं आजार असलेला, देखभाल करणारा, आणि उपचार अर्धवट सोडलेला. हा शेवटचा माणूस शोधायला सर्वांत अवघड, आणि तो फार मोलाचा. तो ओपीडीत भेटत नाही, कारण तो तिथे जाणं सोडून बसलेला असतो. रुग्णांचे आधारगट, वस्तीत काम करणारे आरोग्य कार्यकर्ते, औषधांची दुकानं, आजाराशी संबंध नसलेली स्थानिक मंडळं, अशा वाटांनी त्याच्यापर्यंत पोचावं लागतं.

उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला थेट विचारू नये. “डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं” या भिडेने हो म्हटलेला माणूस बैठकीतही नाही म्हणू शकत नाही. निरोप तिसऱ्या व्यक्तीकडून जाऊ द्या, आणि नकार दिला तर उपचारात काहीही फरक पडणार नाही हे लिहून द्या.

निमंत्रण एका पानाचं असावं. त्यात काम काय, महिन्याला किती तास, किती महिने, मानधन किती आणि मधेच सोडायचं झालं तर कुणाला सांगायचं, एवढं हवंच. “आवड असणाऱ्यांनी संपर्क साधावा” अशी मोघम जाहिरात दिली, की आधीपासून अशा कामात रुळलेलीच माणसं येतात. त्यांचा अनुभव उपयोगी असतो, पण गटात किमान निम्मे नवे ठेवा. मग प्रत्येकाशी वीस-तीस मिनिटं फोनवर बोला. ती मुलाखत नव्हे. या आजारात तुम्हाला काय बदलावंसं वाटतं, आणि बैठकीला यायचं तर कशाची अडचण होईल, हे दोन प्रश्न पुरतात.

पैसे अर्जातच मांडा

भागीदारांच्या कामाचे पैसे नंतर कुठून तरी काढू, असं म्हटलं की ते निघत नाहीत. हिशोब तासांत मांडा, आणि त्यात वाचनाचा वेळ धरा. दोन तासांची बैठक म्हणजे दोन तासांचं काम नाही. कागद वाचायला दोन तास आणि आधी-नंतरच्या फोनला एक, असे पाच होतात. आठ जणांच्या सहा बैठका म्हणजे २४० तास. त्याला तासाच्या दराने गुणा. त्यावर प्रवास, सोबत येणाऱ्याचा खर्च, घरी लहान मूल किंवा अंथरुणावरचं माणूस असेल तर त्याच्यापाशी थांबणाऱ्याचे पैसे, दुभाषी, छपाई आणि ऑनलाइन बैठकांसाठी डेटा धरा.

संस्थेच्या लेखा विभागाशी पहिल्या बैठकीच्या बरेच आधी बोला. पुरवठादाराचा फॉर्म, बँकेचा तपशील, तीन सह्या या वाटेने गेलेलं मानधन महिनोन्महिने अडकतं. स्वतःच्या खिशातून तिकीट काढून आलेल्या माणसाला त्यातून एकच अर्थ कळतो. प्रवासाचे पैसे शक्यतो आधी किंवा त्याच दिवशी द्या. अपंगत्व भत्ता, निवृत्तिवेतन किंवा कर यांवर मानधनाचा परिणाम होऊ शकतो, हे आधीच सांगा. काहींना मानधन नको असतं. ते फॉर्मवर खाजगीत विचारा, सगळ्यांसमोर नको. एकाने “मला नको” म्हटलं की गरज असलेल्या दुसऱ्याला घेणं जड जातं.

बैठक

कागद किमान सात दिवस आधी पोचावेत. मुख्य टिपण दोन पानांचं, अक्षर १४ पॉइंटचं, मागणाऱ्याला छापील प्रत. चाळीस पानांचा प्रोटोकॉल पाठवू नका. हवा असेल त्याला द्या, पण चर्चेचे परिच्छेद वेगळे काढून द्या. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून तीन प्रश्न सांगा. तीनच, कारण दीड तासाच्या बैठकीत त्याहून जास्त नीट होत नाहीत. पाऊण तासाने दहा मिनिटं सुट्टी. वेळ आजार बघून ठरवा: सकाळी सांधे आखडणाऱ्यांना नऊची बैठक देऊ नका, डायलिसिसच्या दिवशी तर नकोच.

संशोधक एका बाजूला आणि रुग्ण दुसऱ्या बाजूला अशी बसण्याची व्यवस्था झाली की बैठक सुनावणीसारखी चालते. मिसळून बसवा, आणि संशोधकांची संख्या भागीदारांहून कमी ठेवा. पहिलं बोलणं भागीदाराचं असू द्या. विभागप्रमुख आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच बोलण्याला दुजोरा देत राहतात. ‘रँडमायझेशन’, ‘प्लॅसिबो’, ‘एंडपॉइंट’ असे शब्द आले की कुणीही हात वर करून थांबवायचं, हा नियम सुरुवातीलाच सांगा आणि पहिला हात अध्यक्षांनीच वर करावा.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं. “हे वेळापत्रक ठीक आहे ना?” याला “हो” हेच उत्तर मिळतं. “यातल्या कोणत्या भेटीला लोक येणार नाहीत, आणि का?” असं विचारा, मग बोलणं सुरू होतं.

“तुमचा अनुभव सांगा” अशी सुरुवात करू नका. निदानाच्या दिवसाची, अपत्य गमावल्याची आठवण अनोळखी लोकांसमोर काढायला लावणं क्रूर आहे, आणि त्यातून अभ्यासाच्या हाती सहसा काही लागत नाही. कुणी आपणहून सांगितलं तर शेवटपर्यंत ऐकावं, मग शांतपणे विचारावं, “यावरून आपल्या अभ्यासात काय वेगळं करावं असं तुम्हाला वाटतं?” बैठकीनंतर दोन दिवसांत त्या व्यक्तीला फोन जायलाच हवा, आणि तो कोण करणार हे आधी ठरलेलं असावं.

दोन कागद, बारकाईने

भागीदारांचं काम सगळ्यात स्पष्ट दिसतं ते भेटींच्या वेळापत्रकात. समजा, वर्षभराच्या चाचणीत ०, २, ४, ८, १२, २४, ३६ आणि ५२ व्या आठवड्यांत भेटी आहेत. आठ भेटी, येण्याजाण्यासह प्रत्येकीला अर्धा दिवस, म्हणजे चार दिवसांचं काम बुडणार. सोबत कुणी लागत असेल तर दोघांचे मिळून आठ. आता प्रत्येक भेटीपुढे लिहा: इथे नेमकं काय होतं, आणि ते अंगाला हात न लावता होईल का? दुसऱ्या आणि ३६ व्या आठवड्यात फक्त प्रश्नावली असेल, तर ती फोनवर होते. १२, २४ आणि ५२ वा आठवडा नेहमीच्या फॉलोअपच्या तारखांना जोडता आला, तर जास्तीच्या भेटी उरतात तीन. चौथ्या आठवड्याची यकृताची तपासणी सुरक्षिततेसाठी असेल, तर ती काढता येणार नाही. मग तसं कारणासकट सांगा. “प्रोटोकॉलमध्ये आहे म्हणून” हे कारण होत नाही.

मधुमेहाच्या अभ्यासात “सकाळी आठला उपाशीपोटी यावे” हे वाक्य असंच डोळ्यांखालून निसटतं. इन्सुलिन घेणारा माणूस अकरापर्यंत रांगेत उपाशी थांबला तर त्याची साखर उतरू शकते. ज्याला ते कधी झालं आहे तो हे वाक्य वाचताच थांबतो. मग संशोधकांनी बघायचं की उपाशीपोटी नमुना खरंच लागतो का. एचबीए१सीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीला, लागत नाही.

दुसरा कागद माहितीपत्रकाचा. “सहभागी व्यक्तींकडून १० मिलि रक्ताचा नमुना संकलित करण्यात येईल” याऐवजी “दंडातून सुईने साधारण दोन चहाचे चमचे रक्त घेऊ. वर्षभरात असं तीनदा होईल” हे लिहिलं की विचारायला काही उरत नाही. “आपल्या माहितीची गोपनीयता राखली जाईल” हे वाचून भागीदार विचारतात: म्हणजे माझ्या मालकाला, विमा कंपनीला, घरच्यांना कळणार नाही ना? मग पत्रकात तेच लिहावं: माहिती कुणाला दिसेल, कुणाला दिसणार नाही, किती वर्षं ठेवली जाईल. वाचून झाल्यावर “समजलं का?” असं विचारू नका. पत्रक बाजूला ठेवून “मधेच सोडायचं असेल तर काय करायचं?” असं विचारा. सांगता आलं नाही, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.

पुढचे टप्पे

मुलाखतींच्या विश्लेषणात भागीदारांना नावं-खुणा काढलेल्या तीन-चार मुलाखती द्या, आणि संशोधकांनी काढलेले मुद्दे दाखवण्याआधी त्यांना त्यांचे काढू द्या. मग दोन्ही शेजारी ठेवा. आधी गोपनीयतेचा करार झालेला असावा. आकड्यांच्या अभ्यासात त्यांचा प्रश्न निकालाआधीचा आहे: किती फरक पडला तर तुम्ही हे औषध रोज घ्याल, त्याचे दुष्परिणाम सोसून? नमुन्याचा आकार, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची, हे त्या उत्तरावर ठरू शकतं.

निकाल आधी सहभागींना कळवा, सोप्या भाषेत, नकारात्मक असला तरी. भागीदाराचं नाव लेखक म्हणून द्यायचं का, याला वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी लागू आहेत: भरीव योगदान, मसुद्यात लेखन किंवा महत्त्वाची दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता आणि जबाबदारी. रुग्ण असल्यामुळे त्या शिथिल होत नाहीत, पण त्या पूर्ण करण्याची संधी देणं संशोधकांच्या हातात आहे. मसुदा वाचायला दोन दिवस दिले तर ती संधी दिलीच नाही. आणि आजार जगजाहीर व्हायला नको असेल, तर नाव न देण्याची मुभा हवी.

नोंदवही

पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा. रकाने पाच: तारीख, सूचना, निर्णय, कारण, काय बदललं. एक ओळ अशी दिसेल: “बैठक २ / थकव्याची प्रश्नावली फार लांब, आजारी माणूस अर्ध्यात सोडेल / अंशतः मान्य / प्रमाणित प्रश्नावली कापता येत नाही, पण तिची लहान प्रमाणित आवृत्ती आहे / लहान आवृत्ती घेतली.” न मानलेल्या सूचनांच्या ओळी तितक्याच महत्त्वाच्या. “नाही, आणि का नाही” हे कळलेला माणूस टिकतो. ज्याची सूचना कुठे गेली हेच कळत नाही, तो जातो. प्रत्येक बैठकीनंतर दोन आठवड्यांत हा तक्ता सगळ्यांना पाठवा.

शोधनिबंध लिहिताना हीच नोंद कामी येते. अभ्यासातल्या रुग्ण-भागीदारीबद्दल निबंधात काय काय लिहावं हे सांगणाऱ्या, २०१७ मध्ये आलेल्या ‘ग्रिप-२’ या मार्गदर्शक यादीची छोटी आवृत्ती पाच मुद्द्यांची आहे, मोठी ३४ मुद्द्यांची. त्यात काय जमलं नाही तेही लिहायचं असतं. फायद्याचे दावे जपून करा. २०१८ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात, लोकांना भागीदार केल्याने चाचण्यांमधली नोंदणी थोडी पण खात्रीलायक वाढल्याचं दिसलं, आणि ज्यांना तो आजार प्रत्यक्ष माहीत आहे अशी माणसं होती तिथे वाढ जास्त होती. सहभागी शेवटपर्यंत टिकण्याबाबत तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

बिघडतं कुठे

भागीदारांचं आपसांत पटत नाही तेव्हा संशोधक घाबरतात आणि मतदान घेतात. घेऊ नका. दोन मतं म्हणजे बहुधा दोन प्रकारचे रुग्ण, आणि ते कळणं हीच माहिती आहे. एकच माणूस सतत बोलत असेल, तर आधी दोन मिनिटं सगळ्यांना कागदावर लिहायला सांगा, मग फेरीने वाचा.

संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीबद्दल गोंधळ नेहमीचा. भागीदार म्हणून सल्ला देण्याला सहसा वेगळी मंजुरी लागत नाही. पण त्याच चर्चेचं रेकॉर्डिंग करून त्यातली वाक्यं निष्कर्ष म्हणून छापणार असाल, तर ते संशोधन झालं आणि मंजुरी व संमती दोन्ही हवी. नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून कमिटीला सुरुवातीलाच लेखी विचारा.

भागीदार आजारी पडतील, काही जातीलही. गंभीर आजारांत हे गृहीत धरूनच दोन जागा जास्त ठेवा. कुणी गेलं तर गटाला ईमेलच्या तळाशी कळवू नका. पुढची बैठक त्यांच्या आठवणीने सुरू करा, आणि त्यांचं नाव निबंधात कसं यावं हे घरच्यांना विचारा.

अभ्यास संपला की शेवटची बैठक वेगळी ठेवा. सगळं मानधन चुकतं झालं का, निकाल सगळ्यांना मिळाला का, प्रत्येकाने दिलेल्या वेळाचं पत्र दिलं का, पुढच्या कामासाठी संपर्क ठेवायचा का, हे तिथे बघा. नोंदवहीतल्या न मानलेल्या सूचनांपैकी ज्या पैशाअभावी किंवा वेळेअभावी राहिल्या, त्या वेगळ्या काढा. पुढच्या अर्जाचं टिपण लिहिताना मोकळ्या गोष्टींच्या रकान्यात आधी त्या लिहा.